बेटावरची आरीबाई

३ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याहून होकार आला. मार्चमध्ये जुन्या युरोपीय संगीताचा महोत्सव आहे, त्यात आमची संगीतिका घेतली. आधी फेब्रुवारीत नगरला एक प्रयोग, मग पुण्यात. मधल्या सुट्टीत फोनवर वाचलं, आणि पुढच्या तासाला चौथीच्या मुलांकडून एकच ओळ पाच वेळा गाऊन घेतली, तरी माझं लक्ष नव्हतं.

वय एकोणपन्नास. पंचवीस वर्षं नगरच्या केडगाव भागातल्या शाळेत स्वागतगीतं बसवते आहे. बाविसाव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला जायची संधी आली होती, ती का हुकली ते पुन्हा लिहायचं नाही. त्या काळातली एकच वस्तू उरली आहे, माझ्या सरांनी दिलेली झेरॉक्सची वही. तिच्यात आहे साडेतीनशे वर्षांपूर्वी रोममध्ये गायली गेलेली चाळीस मिनिटांची संगीतिका, कर्त्याचं नावही धड माहीत नाही. गोष्ट ग्रीक पुराणातली. आरियाड्नी नावाची राजकन्या परक्या राजपुत्राला, थिसियसला, भुलभुलैयातून वाचवते आणि त्याच्यासाठी घरदार सोडते. तो तिला वाटेतल्या एका ओसाड बेटावर झोपेत सोडून निघून जातो. ती जागी होते आणि अकरा मिनिटं एकटी विलाप गाते. त्या अकरा मिनिटांसाठीच सगळं आहे.

मराठी शब्द मी दोन वर्षं खपून लिहिले. आता अडचण एकच. त्या काळी रोममध्ये बायकांना रंगमंचावर बंदी होती, राजकन्या पुरुषच गात, उंच आवाजात. मी पुण्याला मोठ्या तोऱ्यात कळवून बसले आहे की आम्हीही तसंच करणार. असा पुरुष नगरमध्ये आणायचा कुठून, याचा विचार आज पहिल्यांदा केला.

९ नोव्हेंबर, रविवार

हुमेराने माणूस शोधला. हुमेरा माझी जुनी विद्यार्थिनी, आता भिंगारला मुलांना कीबोर्ड शिकवते. प्रयोगात साथीलाही तीच आहे. तिच्या शेजारी गहिनीनाथमामा राहतात. लष्करी छावणीत पाण्याच्या पंपावर नोकरीला होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मूळचे पाथर्डीकडचे. तरुणपणी गावच्या भारुडात आणि जत्रेच्या नाटकांत अकरा वर्षं बाईची कामं केली. मुलगा सहादेव शाळेत जायला लागला, तिथली पोरं त्याला चिडवायला लागली, आणि यांनी गाणं सोडलं. हुमेराने त्यांना नातीसाठी अंगाई गाताना ऐकलं होतं.

बासष्ट वर्षांचे, काळेसावळे, भरघोस मिशा. मी गोष्ट सांगितली, ती मान खाली घालून ऐकली. मग विचारलं, "म्हंजी टाकलेली बाई." मी हो म्हटलं. सून आत आहे ना याची खात्री करून ते हळूच दोन ओळी गायले. कसली तरी गौळण होती. मी हुमेराकडे पाहिलं, ती आधीच माझ्याकडे बघत होती.

खोटा आवाज नव्हे तो. बाईची नक्कल नव्हे. पुस्तकात वाचलं होतं तसा आवाज, माझ्या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर, पंपघरात चौतीस वर्षं गप्प बसलेला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली तालीम. मामांना नोटेशन येत नाही, पण एकदा ऐकलं की बसलं. या संगीतिकेतली गाण्याची आणि बोलण्याची मधली तऱ्हा शहरातल्या गायकांना समजवताना माझा घसा बसतो. हे म्हणाले, आमच्या भारुडात असंच असतंय. आरियाड्नी हे नाव काही जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिची आरीबाई केली. आता सगळेच तसं म्हणतात, मीसुद्धा.

मिशा काढून आले होते. मी काही सुचवलं नव्हतं. सून ज्ञानेश्वरी दोन दिवस हसत होती म्हणे. सहादेव बोललाच नाही.

७ डिसेंबर, रविवार

विलापाच्या सुरुवातीला बाईने काय करायचं, हे वहीत कुठेच नाही. मी म्हटलं, समुद्राकडे हात पसरा. मामांनी पसरले आणि म्हणाले, "ह्ये कॅलेंडरवानी दिसतंय, मॅडम."

मग त्यांनी बहिणीचं सांगितलं. बनुबाई, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. नवऱ्याने माहेरी आणून सोडली, चार दिवसांनी न्यायला येतो म्हणाला, आलाच नाही. ती रोज दुपारी ओट्यावर बसायची. पिशवीतली दोन लुगडी काढायची, घड्या मोडायची, परत घालायची आणि पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघायची. असं दोन वर्षं. मग एक दिवस पिशवी फळीवर टाकली आणि शेतात गेली.

मामांनी खांद्यावरच्या टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली आणि गायला लागले. हुमेरा वाजवायची थांबली.

माझी एक ओळ त्यांनी बदलली. मी लिहिलं होतं, 'नौका गेली क्षितिजापार, व्याकुळ मी अनिवार'. ते म्हणाले, ह्ये ती म्हननार न्हाई. त्यांनी बसवलं, 'सांगून गेला असता, तर वाट तरी सोडली असती'. मात्रा जरा ओढूनताणून बसल्या, पण बसल्या. ओळ बनुबाईंची आहे म्हणे, अगदी तिच्याच शब्दांत. मला आधी जरा राग आला. दोन वर्षांची मेहनत आहे माझी. घरी येऊन माझी ओळ खोडली.

१४ डिसेंबर, रविवार

थिसियसचं काम आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक बिभीषण सर करतात. आवाज दणदणीत, पण आज अडून बसले. हा माणूस नीच आहे, मी सहानुभूती कुठून आणू, असं विचारत होते. मी समजावलं. त्याच्यापुढे मोठं काम आहे, देवाची आज्ञा आहे, सगळं शहर त्याची वाट बघतंय. तिच्यावर त्याचं प्रेम नाही असं नाही. तोंडावर सांगण्याचा धीर नाही, एवढंच. बिभीषण सरांना पटलं. मामा कोपऱ्यात पाणी पीत होते. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

प्रयोगाला बनुबाईंना गावाहून आणणार आहेत. आजवर त्यांनी भावाचं एकही काम पाहिलं नाही, तेव्हा बायका जत्रेच्या नाटकाला बसत नसत. सहादेवही येतो म्हणाला आहे. हे सांगताना मामांचा चेहरा बघण्यासारखा होता.

११ जानेवारी, रविवार

महोत्सवाच्या संचालिका पुण्याहून तालीम बघायला आल्या. विलाप संपल्यावर डोळे पुसले. मामांना वाकून नमस्कार केला. मी हवेत होते.

मग मला बाहेर कडुनिंबाखाली नेलं. आवाज दैवी आहे, पण उतरतो, म्हणाल्या. सुरुवातीला सुरात असतात आणि सातव्या-आठव्या मिनिटाला पाव सूर खाली जातात. पेटी-कीबोर्डवर खपून जाईल, पण पुण्यात पाच तंतुवाद्यं साथीला असतील, तिथे उघडं पडेल. त्यांच्या ओळखीचा पार्थ म्हणून मुलगा आहे, सत्तावीस वर्षांचा, लंडनला याच आवाजाचं शिक्षण घेऊन आलेला. तो गाणार असेल तर आम्हाला शेवटची, मुख्य संध्याकाळ देता येईल. नाहीतर दुपारची वेळ.

निर्णय तुझा, असंही म्हणाल्या.

१२ जानेवारी, सोमवार

हुमेराला सांगितलं. ती म्हणाली, मी कीबोर्ड अर्धा सूर खाली घेते, एक बटण दाबायचं काम आहे, मामा आरामात गातील. पुण्याचे वादकही वाद्यं उतरवून लावतील, या जुन्या संगीतात तसंच करतात, तुम्हीच शिकवलंय. मी म्हटलं, परक्या वादकांना असलं सांगता येत नाही. ते खरंही आहे. पहिल्यांदाच बोलावलंय, अटी कशा घालायच्या?

विचारून पाहिलं नाही, हे मात्र इथे लिहून ठेवते.

१८ जानेवारी, रविवार

पार्थ आला. मला वाटलं होतं आढ्यताखोर असेल. उलट मुलगा गोड आहे, सगळ्यांना वाकून नमस्कार केला. आवाज स्वच्छ, काचेसारखा. अकरा मिनिटं एकाही जागी हलला नाही. फक्त कोरडा. त्याची आरीबाई दुःखात आहे असं त्याने आपल्याला कळवल्यासारखं वाटतं.

मामांना मी सांगितलं की हा पर्यायी गायक, कोणाला ऐनवेळी सर्दी-ताप झाला तर हाताशी असावा म्हणून. मोठ्या ठिकाणी अशीच पद्धत असते. मामा म्हणाले, चांगलं हाय. मग मीच म्हटलं, तुम्ही याला जरा अभिनयाचं सांगा. ते लगेच उठले.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन आटोपून तालीम. आठवडाभर मामा रोज भिंगारहून येऊन पार्थला शिकवत आहेत. बसायचं कसं, पदराचं भान कसं ठेवायचं, रडू आलं तर ते लपवायचं कसं. आज वस्त्राची घडी शिकवली. पार्थ घाईने मोडत होता. मामांनी त्याचे हात आपल्या हातात घेतले. "घाई न्हाई करायची, लेकरा. तिला उशीर करायचाय. घडी संपली की बघायला रस्ताच उरतोय."

पार्थने पुन्हा गायलं आणि पहिल्यांदाच माझ्या अंगावर काटा आला. मी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या. हुमेरा कीबोर्ड बंद करून पाणी प्यायला गेली, ती अर्ध्या तासाने आली.

एका अर्थी हे फार सुंदर आहे. परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती अशीच. पुण्याला मनोगतात हे लिहायला हवं.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज मामांना पार्थचं सांगणार होते. मामा नातीला घेऊन आले होते, म्हणून राहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याहून दोन्ही प्रयोगांच्या पत्रिका छापून आल्या. हुमेराने गठ्ठा उघडला, वाचला आणि एक माझ्यापुढे ठेवली. आरियाड्नी: पार्थ. खाली 'विशेष आभार'मध्ये गहिनीनाथमामांचं नाव, तेही 'गहनीनाथ' असं चुकून. मी पुण्याला मजकूर पाठवताना काळजीपूर्वक लिहिलं होतं, तिकडे कोणीतरी घोळ केला. मामा यायच्या आत गठ्ठा कपाटात ठेवावा म्हणून उठले, तर ते दारातच होते.

त्यांनी पत्रिका मागितली नाही. चप्पल काढली, आत येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमाला सांगायचं अवघड जातंय. मला धा-पंधरा दिस झालं ठाऊक हाय. पोरगं लई गुनी हाय, त्येलाच करूद्या."

मी सुराचं समजावायला लागले. तंतुवाद्यांचं, मुख्य संध्याकाळचं. ते मान हलवत होते. मग मी म्हटलं, शेवटी कोळ्यांचा समूह आहे, त्यात तुम्ही पुढे उभे राहा, दोन ओळी स्वतंत्र देते. ते म्हणाले, नको. बहिणीला सांगून झालंय, तिला काय सांगायचं तेवढं बघतो.

जाताना पार्थला म्हणाले, आठव्या मिनिटाला श्वास कुठे घ्यायचा ते ध्यानात ठेव.

मला हलकं वाटलं. हेही लिहून ठेवते. त्यांनीच विषय काढला म्हणून मला हलकं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग झाला. सभागृह भरलेलं. शाळेचे पालक, छावणीतली दोन-तीन कुटुंबं, चर्चच्या गायनवृंदातली मंडळी. माझे यजमानही आले होते, कारखान्यातून लवकर सुटून. बिभीषण सर एकदा शब्द विसरले, निभावून नेलं.

मामा येतील असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत होते, शेजारी बनुबाई. बारीक, पांढऱ्या केसांची बाई, डोक्यावर पदर. सहादेव आला नव्हता.

विलाप सुरू झाला. पार्थने मांडीवरची शाल उलगडली, घडी घातली, मोडली. मी विंगेत होते, तिथून मला तिसरी रांग दिसत होती. बनुबाईंनी आधी मान वर केली. मग भावाकडे पाहिलं. मग पुन्हा रंगमंचाकडे. 'सांगून गेला असता' ही ओळ आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. अकरा मिनिटं मामा खाली बघत होते, एकदाही वर पाहिलं नाही. ओठ मात्र हलत होते.

टाळ्या थांबेनात. पार्थने हात करून मामांना उभं राहायला सांगितलं. ते उभे राहिले, हात जोडले, बसले.

नंतर बनुबाईंना भेटायला गेले. मामांनी माझी ओळख करून दिली. मी विचारलं, आवडलं का. त्या माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाल्या, "माझं व्हतं ते. ह्येनं मागितलं म्हनून मी ह्येला दिलं. त्या पोराला मी वळखत न्हाई."

 कोणीतरी फोटोसाठी हाक मारली, मी गेले. परत आले तेव्हा ते दोघे निघून गेले होते.

हुमेरा पुण्याला येणार नाही म्हणाली. कारण विचारलं नाही. तिकडे त्यांचे वादक आहेतच, तशी अडचण येणार नाही.

१ मार्च, रविवार

पुणे. मुख्य संध्याकाळ. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. उद्या वर्तमानपत्रात येईल. संचालिका म्हणाल्या, घडीचा प्रसंग अप्रतिम सुचला तुला. मी म्हटलं, आमच्या भागातली एक जुनी रीत आहे.

असं का म्हटलं, कुणास ठाऊक. नाव घ्यायला दोन सेकंदं लागली असती.

११ मार्च, बुधवार

तालमीचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलं, सात डिसेंबरचं. शाळेच्या संगीतखोलीत, दार लावून. बाहेर मुलांचा आरडाओरडा आहे, मध्येच शिपाई दार वाजवतो. मामा आठव्या मिनिटाला खाली उतरतात, हे खरं. पण ते चुकून उतरत नाहीत. आवाज जसा जसा थकतो तशी तीही थकत जाते. मी चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा लावायचा धीर झाला नाही.

त्यांना फोन केला. उचलला ज्ञानेश्वरीने. मामा गावी गेलेत म्हणाली, कधी येतील सांगता येत नाही.

१२ एप्रिल, रविवार

मुंबईहून प्रयोगाची विचारणा आली आहे. मी ठरवलं की यावेळी कार्यक्रमपत्रिकेत मामांचं नाव पहिल्या पानावर, अभिनय मार्गदर्शक म्हणून. तेच सांगायला भिंगारला गेले. जाताना आणखी एक ठरवलं होतं, की मुंबईत त्यांनीच गावं. वादक म्हणतील ते म्हणोत.

मामा मागे झाडांना पाणी घालत होते. ज्ञानेश्वरीने चहा टाकला. सहादेव घरीच होता. तो माझ्याशी याआधी कधी बोलला नव्हता, आज आपणहून बोलला. गेल्या आठवड्यात गावच्या जत्रेत आबांनी, म्हणजे मामांनी, गाणं केलं म्हणाला. आरीबाईचं. देवळापुढच्या ओट्यावर, भारुडाच्या आधी. हुमेरा कीबोर्ड घेऊन आली होती. समोर सगळा गाव. पहिल्या दोन मिनिटांत पोरं हसली, शिट्ट्या आल्या. मग थांबल्या. माईकचा स्टँड डुगडुगत होता, म्हणून शेवटपर्यंत माईक त्यानेच हातात धरला.

"बनुआत्या कडंला बसली हुती," तो म्हणाला. "मधीच उठली अन् आपली पिशवीच आणून आबांच्या मांडीवर ठिवली. तिच्यातल्याच लुगड्यांची त्येनी घडी केली. गावात बायका रडत हुत्या. आईशप्पत, मॅडम, मला ठाऊकच नव्हतं माझा बाप काय हाय ते."

मी विचारलं, कोणी रेकॉर्ड केलं का. तो म्हणाला, माझ्या हातात माईक हुता.

मामा हात पुसत आले. मिशा पुन्हा वाढल्या होत्या, जत्रेतही मिशांसकटच गायले म्हणे, कोणाला काही वाटलं नाही. मी मुंबईचं सांगितलं. तुम्हीच गायचं, हेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पार्थ बरा आहे का विचारलं. मग म्हणाले, "मी केलं, मॅडम. झालं माझं. आता त्या पोरालाच करूद्या."

मी म्हटलं, निदान एक ओळ. इथेच, माझ्यासाठी. ते हसले आणि मान हलवली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला काही बोलता आलं असतं.

शेवटी विचारलंच. मला का नाही बोलावलं?

"बोलवायचं आलं हुतं मनात. हुमेरानं इचारलं पन." ते माझ्यासमोर बसले. "पर तुमी समोर बसल्या असत्या, तर मी तुमच्याकडंच बघत गायलो असतो. चुकलं का, उतरलं का, ते बघाया."

अंगणात सहादेव लेकीला सायकल शिकवत होता. मामांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी कप हातात धरून बसून राहिले, किती वेळ ते माहीत नाही. चहा पार निवला तेव्हा ज्ञानेश्वरी आली आणि काही न बोलता तो कप माझ्या हातातून काढून घेऊन गेली.